कुंकवावर चिकटवलेला टायर

अंगद,

आप्पांच्या शर्यतीच्या सायकलचं मागचं चाक मी केजला माझ्या शाळेत घेऊन जात आहे. घरात शोधू नकोस.

काल रिमला गोंदाचा दुसरा हात देऊन ते वाळायला टांगलं होतं. शिवू नको, असं तुला सांगितलंही होतं. तू त्या ओल्या गोंदावर हळदकुंकू वाहिलंस, नारळाचं पाणी शिंपडलंस आणि वर टायर चढवून फोटो टाकलास. "ताई, नारळ फोडल्याबिगर गाडी भाईर काढत न्हाईत," म्हणे. आज टायर नुसत्या अंगठ्याने सोलून निघाला. आत झेंडूच्या पाकळ्या, नारळाची शेंडी आणि मेलेल्या मुंग्या होत्या.

या जुन्या पद्धतीच्या टायरला रिमवर धरून ठेवणारं गोंदाशिवाय दुसरं काहीच नसतं. कपिलधारच्या उतारावर तो निसटला असता, आणि सायकलवर आप्पा असते, तू नाही.

सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून करायला चार दिवस लागतील.

सायकल तयार झाली, असं आप्पांना तूच सांगितलंस. ते पहाटेपासून बूट घालून ओट्यावर बसले आहेत. मी त्यांना काही बोलले नाही. चहा नेशील तेव्हा तू सांग.

ताई