गाडीतला गॅस कुठं गेला

१२ मे, सोमवार
केलं! हातून होऊन गेलं. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मुलाच्या गाडीचं बॉनेट उघडलं, एसीच्या नळीवरचं टोपण काढलं आणि आतली पिन खिळ्यानं दाबून धरली. फुस्स करून गॅस गेला. केवढा तो आवाज! वाटलं, गल्ली गोळा होणार. गॅसच्या गारठ्यानं बोटाला फोड आलाय.

गुरुवारी हिला हृदयाच्या ऑपरेशनला न्यायचंय. सहा तासांचा रस्ता. डॉक्टरांनी बजावलंय — उकाडा सोसणार नाही, गार गाडीतूनच आणा. आता गाडी गार होणार नाही.

थोरला भाऊ असाच ऑपरेशनच्या टेबलावर गेला. हसत आत गेला होता.

१३ मे
मुलगा म्हणाला, "आत्ताच बरी बिघडली ही!" मी पेपरात तोंड खुपसलं.
ही बॅग भरतेय. मला म्हणते, "अहो, कापणार मला. घाम तुम्हाला का?"

१५ मे
मेकॅनिक घरीच आला. नवा गॅस भरून सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा नाही! "गळत नाही, तर गेला कुठं?" म्हणत डोकं खाजवलं. मग गॅसमध्ये एक रंग सोडला. एरवी दिसत नाही म्हणे, पण त्याच्या जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. "आता चोर सापडणार, काका!"
ऑपरेशन पुढं ढकललंय, आता रविवारी निघायचं ठरलंय.

१६ मे
जिना चढताना ही तीनदा थांबली. ओठ निळसर. हे काय करून बसलो मी? वाचवायच्या नादात मीच मारतोय की काय हिला! आता त्या टोपणाला हात लावणार नाही. हिची शपथ.

१७ मे, शनिवार
एसी पुन्हा गरम हवा फेकतोय! मी हात लावलेला नाही. खरंच नाही! माझ्या खिळ्यानंच पिन कायमची बिघडली असणार. संध्याकाळी मेकॅनिक दिवा घेऊन येतोय. चारदा हात धुतले. रंग माझ्यानंतर भरलाय, कळतं मला — तरी धुतले.

१७ मे, संध्याकाळ
टोपणाभोवती हिरवंगार. मेकॅनिक म्हणाला, "ही गळती नाही. कुणीतरी पिन दाबलीय." मुलानं माझ्याकडे पाहिलं. न मागताच मी दोन्ही हात दिव्याखाली धरले. स्वच्छ.
तेवढ्यात ही चहा घेऊन आली. कप पुढे केला आणि हिच्या नखाची कड हिरवी चमकली.
मग हीच म्हणाली, "सोमवारी तुम्हाला खिडकीतून पाहिलं होतं. म्हणून जमलं."
गॅस पुन्हा भरून झालाय. उद्या निघायचंच, असं मी मुलाला सांगितलं. आवाज चिरकला, पण सांगितलं. ही माझा डावा हात धरून बसलीय. सोडत नाही. उजव्यानं लिहितोय.