नॉर्वेत राहिलेली मुलगी

बाई,

तुमच्या भाचीचे अमेरिकेहून पत्र आले आहे. तुमच्या आजी-आजोबांनी नॉर्वे सोडले तेव्हापासूनची घराण्याची हकिकत तिकडे छापायची आहे. तुम्ही पनवेलहून पाठवलेली पाने तिने जपून ठेवली आहेत. त्यात काही राहून गेले आहे का, असे विचारते.

राहून गेले नाही, बाई. मी गाळले.

स्वातंत्र्यानंतरची दुसरी दिवाळी होऊन गेली होती. तुमच्या मिशनच्या दवाखान्यात सकाळी पळस्पे गावाकडचे तापाचे रोगी, आणि दुपारी दार लोटून आपण दोघी. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तुम्ही जाड पेन्सिलीने वहीत लिहायचात, मी टाइप करायची. टायपिंग तुम्हीच शिकवलेले, इंग्रजीही. वहीच्या मधल्या एका पानावर ते होते. लग्नाआधी झालेली एक मुलगी तुमच्या आजीने नॉर्वेत बहिणीपाशी ठेवली आणि अमेरिकेत तिचे नाव कधी काढले नाही. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी पावाचे पीठ मळता मळता आजीने हे फक्त तुम्हाला सांगितले. खाली तुम्ही लिहिले होते, 'तिचे कुणी असेल तर शोधा.' मी तेवढा मजकूर सोडून पुढचा टाइप केला.

काम संपल्यावर तुम्ही म्हणालात, "वाच." मी टाइप केलेली पाने मांडीवर ठेवते आणि वाचते मात्र वहीतून. तुम्ही हात वर करता. "ते आजीचं पुन्हा वाच." मी पुन्हा वाचते. "बरं झालं," तुम्ही म्हणता, "नाहीतर हे माझ्याबरोबरच पुरलं गेलं असतं." मग टाइप केलेल्या पानांवर चाचपडत सही करता आणि वही माझ्याकडे देता. "ठेव तुला. माझ्याहून वाईट अक्षर पनवेलमध्ये कुणाचं नाही, पुरावा असू दे."

पाने गेली, आणि अमेरिकेतल्या तुमच्या माणसांची उत्तरे आली. जहाजाचे वाचून रडू आले, पहिल्या शेताचे वाचून हसू आले, असे सगळ्यांनी लिहिले. मुलीबद्दल अक्षर नव्हते. तुम्ही मला पाकिटात पुन्हा बघायला सांगितलेत. मग रोज टपालाच्या वेळी दारात बसू लागलात. दवाखान्यातली आया थट्टा करायची, "आज पन नाय, बाय. एवरी कुनाची वाट बगता? नवरा हाय का काय तिकरं?"

"नवरा नाही गं," तुम्ही हसलात, "माझी एक मावशी आहे."

एकदा मी धीर करून म्हटले, "पुन्हा विचारून पाहू का?"

"नको. त्यांनी वाचलं आहे. लाज वाटली असेल. आपल्याच माणसांना किती लाजवायचं?"

तेव्हा सांगायला हवे होते. मी कार्बन सरळ करत बसले. त्यानंतर तुम्ही तिकडे फारशी पत्रे लिहून घेतली नाहीत. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात, आपली माणसे भित्री निघाली असे मानून.

तुमच्या आजीची अब्रू राखली, असे इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आले. ते खरे नाही. कार्बनची एक प्रत मला घरी न्यायची होती, माझे इंग्रजी वडिलांना दाखवायला. लग्नाआधीच्या मुलीचा तेवढा मजकूर आमच्या घरात वडिलांसमोर वाचता आला नसता.

आज तो वहीतून जसाच्या तसा टाइप केला आणि भाचीला पाठवला. सोबत लिहिले, बाईंच्या जुन्या वहीत हे आत्ताच सापडले.