हात जोडू नयेत

कुंभारी, सोलापूर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय इंद्रजीत,

जयभीम आणि नमस्कार, दोन्ही. तू, वहिनी आणि छोटी मजेत असाल. आम्ही इकडे होतो तसेच आहोत. ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते तुला सांगायला नको. बेंगळुरूच्या गारव्यात विसरला असशील तर टेंभुर्णीला घरी फोन करून रामहरीकाकांना विचार.

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू ते मीटिंगमध्ये वाचलं असतंस आणि अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा झाला असतास. तीन वर्षं आपलं असंच चाललंय. वाढदिवसाला केकचं चित्र, दिवाळीला पणतीचं. म्हणून म्हटलं, एकदा कागद घेऊन बसू.

एमआयडीसीतल्या आपल्या जुन्या कंपनीच्या शेडवरून परवा गेले होते. माडीवर आता शाळेचे गणवेश शिवतात. आपली पाटी अजून तिथंच आहे, काढायला कुणाला सवड नाही. खाली नरसय्यामामांचे टॉवेलचे माग चालूच आहेत. मला बघून त्यांनी माग थांबवला आणि नेहमीचं विचारलं, तुमचं ते टोपडं बाजारात कधी येणार? मी म्हटलं, येईल दिवाळीत. कुठल्या दिवाळीत ते मामा विचारत नाहीत, मीही सांगत नाही.

मी त्याच खासगी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. मागच्या महिन्यात एका पोरीनं भर वर्गात विचारलं, मॅडम, तुम्ही पूर्वी नेमकं काय बनवत होता? सांगतानाच मला दमायला झालं. म्हटलं, व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट. डोळ्यांवर चढवायचा आणि बसल्या जागेवरून कुठंही जायचं. वायर नाही, हातात बटणांचा दांडा नाही, आपले हात पुढं केले की आतही आपलेच हात दिसणार. वजन इतकं हलकं की म्हाताऱ्या माणसाच्या मानेला कळू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेला परवडेल असा, आणि सगळा सोलापुरात जोडलेला. पोरगी म्हणाली, मग तो कुठं मिळतो? मी फळा पुसायला घेतला.

मे महिन्यातलं तिला सांगितलंच नाही. टोपडं तापून आपोआप बंद पडायचं आणि तू ते माठाच्या झाकणावर ठेवून गार करायचास. आपल्यात पैसे घातलेल्या पुण्याच्या लोकांना मात्र आपण ऐटीत सांगायचो की उष्णतेची चाचणी चालू आहे. ‘टोपडं’ हे नाव आईचंच. हेडसेट तिच्या जिभेवर बसेना, आणि मग आपल्याही जिभेवर टोपडंच बसलं.

आई बरी आहे. तिच्याविषयी पुढं लिहिते.

आधी एक कबुली देते. कंपनी बंद झाली तेव्हा सगळे नमुने पुण्याला परत पाठवले असं मी तुला सांगितलं होतं. एक पाठवला नाही. मोडका आहे असं कळवून ठेवून घेतला. दर रविवारी दुपारी तो घेऊन बसते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हण. आणि इंद्रजीत, हातांचं जमलं. आता दोन्ही हात जोडले तरी आतले हात जात नाहीत. बोट बोटाला टेकलेलं दिसतं, चित्र थांबत नाही. वरातीमागून घोडं आहे, पण घोडं झकास चालतंय.

गड्ड्याच्या जत्रेतला आपला स्टॉल आठवतो? टोपड्यात सिद्धेश्वराचं देऊळ ठेवलं होतं. लोक आधी चपला काढायचे आणि मग टोपडं चढवायचे. देऊळ दिसलं की हात जोडायचे. हात जोडले की टोपड्याच्या कॅमेऱ्यांना कुठलं बोट कुठल्या हाताचं ते कळेना, दोन्ही हात मनगटापासून गायब आणि चित्र जागेवर थिजलेलं. मोजमाप घेताना आपण लोकांना मूठ मिटायला लावली, चिमूट धरायला लावली, नमस्कार कर असं कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवसातून दहा वेळा एकमेकांना नमस्कार करणारी आपण माणसं, आणि ते आपल्या डोक्यातच आलं नाही. मग तू खडूनं पाटी लिहिलीस, ‘कृपया हात जोडू नयेत’. वळसंगचा एक म्हातारा तुझ्याशी भांडला होता, देवळात हात जोडू नये असं कुटं लिहिलंय म्हणून. तू गंभीर चेहरा करून पाटीकडे बोट दाखवलंस. पोट दुखेपर्यंत हसलो होतो आपण.

आता आईचं लिहिते. इतका वेळ टाळलं.

त्या यंत्राला हात म्हणजे काय हे आईच्या हातांनी शिकवलं. बिड्या वळायच्या सोडून ती आठवडेच्या आठवडे त्या कॅमेऱ्यांपुढं हात धरून बसली. मजुरी बुडते असं चुकूनही म्हणाली नाही. दुपारी आपल्याला भाकरी आणि शेंगाचटणी तीच वाढायची, आणि तुझ्या ताटात माझ्यापेक्षा जास्त. टोपड्यातला बुद्धगयेचा तो देखावाही तूच तिच्यासाठी करून घेतला होतास. मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

पुण्याचे लोक शेवटचं बघायला येणार होते तेव्हा आईला बसवायची कल्पना तुझी. कॉम्प्युटरला कधी हात न लावलेली बाई सहज वापरते हे त्यांना दिसू दे, म्हणालास. आठवडाभर तू तिच्याकडून तालीम करून घेतलीस. झाडापाशी पोचलात की हात मांडीवर, काकू. ती घरी स्वयंपाक करतानाही तेच घोकायची.

त्या दिवशी ती आत चालत गेली, झाडाखाली थांबली आणि तिनं हात जोडले. पुढचं तुला माहीत आहे. ती घाबरून खुर्चीतच ओरडली, “माझे हात कुटं गेले?” आलेली माणसं हसली. आणि तू त्यांच्यादेखत म्हणालास, “काकू, एवढं एकच सांगितलं होतं तुम्हाला. एका नमस्कारात सगळं घालवलंत.”

तिनं टोपडं स्वतःच्या हातानं काढलं, पदरानं पुसलं आणि टेबलावर ठेवलं. महिन्याभरात कंपनी बंद झाली. त्या दिवसापासून काहीही हातात घेताना आई आधी विचारते, काय करायचं न्हाय ते सांग. मिक्सर असो, बँकेतली पावती असो, सुमितनं आणलेला नवा फोन असो. विहारात वंदनेला उभी राहिली तरी आधी शेजारणींकडे बघते. सगळ्यांचे हात जोडून झाले की मग हिचे.

उन्हाळ्यात सुमितला तुझं ते भाषण मोबाइलवर सापडलं. बेंगळुरूतल्या कुठल्याशा मोठ्या सभागृहातलं, आमचं अपयश या विषयावरचं. माझा भाऊ भोळा आहे, इंदरदादा दिसतो म्हणून आईपुढंच लावलं. तू छान बोलतोस रे. एका म्हाताऱ्या बाईच्या एका नमस्कारात आमची कंपनी बुडाली, असं म्हणालास आणि सभागृह खो खो हसलं. सुमितनं घाईघाईनं बंद केलं. आई म्हणाली, “खरंच हाय की. सांगू दे त्याला.” आणि सूप घेऊन तंबाखू पाखडायला बसली.

तेव्हाही मी तुला लिहिलं नाही. म्हटलं, आपलंच माणूस आहे, पोटासाठी बोलतो. राग यायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि चार तास शिकवून आल्यावर तो माझ्यात उरत नाही.

पण मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात व्याख्यानाला पुण्याचा तो गुरुराज आला होता. चष्मेवाला, त्या दिवशी सगळ्यात कमी हसलेला. चहा घेताना मी त्याला सहज म्हटलं, त्या दिवशी ते हात गेले नसते तर तुमचे पुढचे पैसे आले असते, नाही? तो गोंधळला. म्हणाला, “मॅडम, नकार आम्ही आठवडाभर आधीच कळवला होता. तुमचे पार्टनर म्हणाले, एकदा येऊन बघा तरी, म्हणून आलो.”

मी चहाचा कप तसाच ठेवला.

म्हणजे आई आठवडाभर हात मांडीवर ठेवायचं घोकत होती तेव्हा नकार तुझ्या खिशात होता. का लपवलास तेही मला समजतं. काकूंना बघून त्यांचं मन फिरेल असं वाटलं असणार. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं कदाचित. त्या दिवशी तू बोललास त्याचाही राग आता धरत नाही. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला ओढतो. पण इंद्रजीत, नंतरची तीन वर्षं? एक फोन करायचा होतास. ते जमलं नाही तर निदान गप्प राहायचं होतंस. माझ्या आईला तू गोष्ट करून विकलंस, आणि ती गोष्ट खरीही नव्हती. आता मात्र राग येतोय मला.

मी आईला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. म्हटलं, आई, नकार आधीच आला होता, तुझ्या नमस्काराचा काही संबंध नव्हता. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मलाच समजावलं. म्हणाली, “माझं मन राखायला बोलतीस तू. तसं असतं तर इंदरनं सांगितलं असतं की. त्यो खोटं बोलणारा न्हाय.”

बघ आता. माझ्या बोलण्यापेक्षा तिला तुझं गप्प बसणं खरं वाटतं.

आता जे अडलंय ते सांगते. आमच्या विहारातल्या बायका दिवाळीनंतर बुद्धगयेला निघाल्यात. खऱ्या. आईनं आयुष्यभर ते एकच मागितलं होतं, म्हणून तर तू तो देखावा केलास. सुमितनं तिचं नाव घातलं होतं. तिनं स्वतः जाऊन काढून घेतलं. मी गेले की काई तरी बिघडतं, बाकीच्या बायांची यात्रा कशाला खराब करू, म्हणते. पुढच्या रविवारी तिकिटं काढायची आहेत. गुडघे तिचे असे की पुढच्या वर्षी जाईल असं मी कुणाच्या भरवशावर म्हणू?

आज दुपारी शेवटचा उपाय करून बघितला. ते दुरुस्त केलेलं टोपडं तिच्यापुढं ठेवलं. माझ्यासाठी घाल म्हटलं. नाही म्हणाली नाही, पण आधी विचारलंच, काय करायचं न्हाय ते सांग. मी म्हटलं, काहीच नाही, तुझ्या मनाला येईल ते कर.

ती गेली आत. पायऱ्या उतरली, झाडाखाली पोचली. मान वर करून बराच वेळ बघत राहिली. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा गच्च धरल्या होत्या. मी म्हटलं, “आई, जोड की हात. आता नाही जात.”

“नको,” ती म्हणाली. “तुझं बिघडंल.”

मी तीन वर्षं खपून ते यंत्र दुरुस्त केलं, आणि ती हात जोडत नाही. माझ्याकडून व्हायचं ते सगळं करून झालं. हे काम माझ्या हातातलं नाही, तुझ्या आहे.

तू माफी माग असं मी म्हणत नाही. रडू नकोस, भाषण देऊ नकोस. फक्त फोन कर आणि सांग, काकू, नकार आधीच आला होता. तुझ्या तोंडून आलं तर ती मानेल. नंबर तोच आहे. संध्याकाळी बिड्या देऊन आली की ओट्यावर एकटीच बसलेली असते.

मी लिहीत बसलेले बघून तिनं विचारलं, कुणाला? म्हटलं, इंद्रजीतला. तर लगेच म्हणाली, काई बोलू नको हां त्याला, लई राबलं ते पोरगं. थोडी चटणी पाठवायची का तेही विचारलं. पत्रासोबत बांधून देते आहे. तिखट आहे, छोटीला देऊ नकोस.

पत्राच्या शेवटी आईचे आशीर्वाद कळवायची आपली रीत. ते मी माझ्या पदरचे लिहिणार नाही, फोन केलास की तिच्याकडूनच घे. तिनं तुला एवढंच विचारायला सांगितलंय, की इंदर नीट जेवतो का.

तर जेवतोस ना नीट?

रविवारपर्यंत वाट बघणारी,
धम्मप्रिया