दोन थर कमी

आण्णा, तरीबी मी म्हणतो, त्या टायरचे दात चांगले होते. डोंगराकडच्या वाटेला तुमची पिकअप दोनदा चिखलात रुतली होती की नव्हती? दुसऱ्यांदा ट्रॅक्टरनं ओढून काढली तेव्हा तुम्हीच म्हणालात, मागचे दोन टायर बदलू. पैसेही तुम्हीच दिलेत आणि मला मंचरला धाडलंत. मग मी जाड दातांचे आणले तर एवढं तोंड वाकडं करायचं काय कारण होतं? तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. मी मस्कतपासून पाच तासांवर, वाळवंटातल्या एका कंपनीच्या गॅरेजात दिवसभर टायरच बघतो, आणि आपलं हे भांडण काही मिटत नाही.

दातांकडं तुम्ही बघितलंच नाही. पिंपळवंडीच्या घरापुढं उकिडवे बसलात, टायरच्या कुशीवरची, म्हणजे बाजूच्या भिंतीवरची, धूळ पंजानं पुसलीत आणि म्हणालात, "आकडा वाच." सातवीत शाळा सोडलेली असली तरी इंग्रजी आकडे मला येत होते. म्हणालो, "सहा प्लाय."

"आन् काढलेल्यावर?"

"आठ."

"मंग?"

"दात बघा की आण्णा, कसले हायेत."

"दात बैलाचं बघत्यात. टायर कुशीवरनं घ्यायचा. दोऱ्याचं दोन थर कमी घिऊन आलास तू." चुलीपुढून आई म्हणाली, "पोरगी बघाया गेल्यागत बघत्यात दोघं. आता हळद लावा आन् मोकळं व्हा." तुम्हाला हसू आलं ते तुम्ही मिशीत दाबलंत, मला दिसलं होतं.

परत न्यायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी बोरीच्या मामांची जोडी यात्रेला न्यायची होती, गाड्याच्या शर्यतीला. मामा पुढं तुमच्याशेजारी, मी मागं हौद्यात, दोन्ही बैलांची दावी धरून. निघताना तुम्ही मला पुढं बोलावून हिशेब सांगितलात. "बैल म्हंजी काय कांद्याची पिशवी न्हाय, ठिवली तितं बसायला. वळणावर दोघंबी एका अंगाला रेलत्यात. समद्या गाडीचं वजन धरू नको, त्या टायमाला एका चाकावर किती येतंय ते धर." मला वाटलं, टायरवरनं अजून टोचून बोलताय. घोडेगावच्या पुढं खडीचं वळण लागलं, बैल डावीकडं झुकले, आणि मागचं डावं चाक असं फुटलं की मी एका बैलाच्या मानेलाच मिठी मारली. बैलांना खरचटलंसुद्धा नाही. पण तिथून त्यांना चालवत न्यावं लागलं, मामा पोचेपर्यंत त्यांची बारी हुकली होती. वर्षभर खुराक घालून जपलेली जोडी, आणि पळायलाच मिळालं नाही. जाताना मामांनी विचारलं होतं, "कुणी घेतला रं ह्यो टायर?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "म्याच पसंत केला."

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट. मामांना वाटेला लावायला तुम्ही थोडे पुढं गेलात, मी गाडीपाशीच राहिलो. परत आलात तेव्हा तुम्हाला टायरमधला खिळा दाखवला. "खिळा घुसला व्हता आण्णा. टायरचा काय दोष न्हाय." तुम्ही तो पान्यानं उपसून काढलात, दोन बोटांत फिरवून बघितलात, "आसंल" म्हणालात आणि स्टेरिंगपुढच्या तंबाखूच्या डबीत टाकलात. पुढं आठ प्लायचे टायर आले, पण डबी तिथंच राहिली. खड्डा आला की खिळा वाजायचा आणि तुम्ही माझ्याकडं न बघता पुढं बघायचात.

इथं गेल्या महिन्यात पाण्याच्या टाक्या नेणाऱ्या अकरा गाड्यांना टायर घ्यायचे ठरले. वाळूतही चालले पाहिजेत आणि दगडातही, म्हणून मध्यम दातांचे. आमचा फोरमन मल्याळी, माणूस हुशार, हिंदीत भांडतो. त्यानं सारख्याच दातांचे दोन टायर पुढं ठेवले. एकाच्या कुशीवर १०९, म्हणजे एक टायर हजार तीस किलो उचलणार. दुसऱ्यावर १२१, म्हणजे साडेचौदाशे. तो म्हणाला, "मागच्या चाकांवर नऊशे-नऊशेच येतंय, स्वस्तातला बास." मी विचारलं, "पाण्याची टाकी भरलेली असते का अर्धी?" तो म्हणाला, "अर्धी तर हलकीच की, येड्या." मला हसू आलं, कारण मला तुमचे बैल दिसले. अर्धी टाकी उतारावर पाणी एका अंगाला टाकते. शिवाय वाळूत हवा कमी करावी लागते, आणि हवा कमी केली की आकड्याएवढं वजन टायर उचलत नाही. तो ऐकेना. म्हणाला, "जादा पैसे वाया गेले तर घरी जायचं तिकीट तुझं." मी अर्धी टाकी भरून गाडी टेकडीच्या कडेनं आडवी चालवली, त्याला खाली उभा केला. खालच्या बाजूचं चाक दबलं तसा तो चार पावलं मागं सरला. अकराच्या अकरा गाड्यांना १२१ आले. आता कुठलाही टायर आला की आधी मला दाखवतात. इंजिनियर असतो तोसुद्धा.

आणि काल धाकट्याचा फोन. पिकअप आता तोच चालवतो, बैलही नेतो. म्हणतो, "दादा, टायर बदलायचेत. आत्ता हायेत तसलं नको, मोठ्या दाताचं घेऊ का? लई भारी दिसत्यात." मी तुमच्याच आवाजात विचारलं, "कुशीवर आकडा काय हाय?" म्हणाला, "आकडा कसला?" मग त्याला वळणावर रेलणाऱ्या बैलांचा सगळा हिशेब सांगितला. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "डबीतला खिळा टाकून देऊ का? लई वाजतोय." म्हणालो, वाजू दे. का, ते नाही सांगितलं.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, गादीखाली राहील. टायर फाटला होता कुशीत आणि खिळा होता दातांत; दातांतल्या खिळ्यानं कूस अशी फाटत नसते, हे इतकी वर्षं टायर हाताळल्यावर मला कळलं. तुम्हाला तिथंच कळलं असणार. हौद्याच्या फळीतला होता तो, जॅकच्या दांड्यानं मीच ठोकला. धाकट्याला आठ प्लायचेच घ्यायला सांगितलंय, चार आणि एक स्टेपनी. साडेबावीस हजार पाठवतोय.