ओल्या अळंबीचा चीक

१४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार घालायला खोलीत जागा नाही, जमिनीवर अळंब्या वाळत घातल्यात. उभ्यानेच करते. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं असं बाबांनी कळवलं. थेंब वेळेवर घाल.

आत्या, मला ती सापडली. तुझी तांबडी. जगात तुझ्याशिवाय जिच्यावर कुणी धड दोन पानं लिहिली नाहीत, ती. पडलेल्या खोडाशेजारी घोळक्याने उगवली होती. मी चिखलात फतकल मारून वेड्यासारखी हसत सुटले. वाटाड्या म्हणाला, "बाई, ही खायची नसते हं." त्याला वाटलं, मी आधीच खाल्लीय.

मग छत्रीखालच्या पडद्यांना चाकू लावला, तर पांढरा चीक आला. थेंब थेंब, माझ्या बोटांवर. दुसरी कापली, तिलाही आला. एक वाळवून कापली, तर चीक नावाला नाही. मी नाचायचीच बाकी होते.

इथला डबा बरा असतो. भात जरा कच्चा.

किती गोल गोल फिरू? पुस्तकात तू ही प्रजाती बिनचिकाच्या कुलात घातलीस, आणि आजवर सगळे तेच शिकवतात. मायक्रोस्कोपखालीही चिकाच्या नळ्या स्पष्ट दिसल्या. तुझं चुकलंय, आत्या. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, दुसऱ्या कुणाला सापडायच्या आत लेख पाठव. तुला विचारल्याशिवाय मी तो पाठवणार नाही. आणि तू नको म्हणालीस तर काय करीन, ते मलाच ठाऊक नाही.

तुझ्याच मांडीवर बसून अळंब्या ओळखायला शिकलेली,
ठमी


२२ ऑगस्ट

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आधी डोळे, मग डबा, आणि मुद्दा शेपटाला. तुझा बापही अशीच पत्रं लिहितो.

राग आला. दुपारी जेवले नाही. मग वाटलं, तुझ्यापासून काय लपवायचं? जिच्यावर मी पुस्तक लिहिलं, ती अळंबी मी ओली कधी पाहिलीच नाही. तेव्हा जंगलात पुरुष जायचे आणि मला वाळवलेल्या नमुन्यांची पाकिटं मिळायची. वाळलेलीत दिसलं ते लिहिलं, आणि त्यावरून जन्मभर लोकांशी भांडले.

लेख आजच पाठव. चूक माझी होती, हे आडपडदा न ठेवता लिही. मात्र तिथे नवी उगवली, तर तिला हात लावू नकोस. पहिला चाकू मी लावणार. डॉक्टर प्रवासाला नको म्हणत होते, त्यांना गप्प केलंय.

चुकलेली, पण निघालेली,
तुझी आत्या