सुलोचनाबाईंच्या हातचं

१४ जुलै १९८०, चिकोडी
थोरल्या अण्णाचं पत्र. बेळगावला प्राध्यापक झाल्यापासून हे तिसरं, आणि तिन्हींत तेच. ‘सुलू, तुझा ध्यास कशात आहे? नुसती नोकरी म्हणजे जगणं नव्हे.’ तो कविता करतो. धाकटी कमल गायला बसली की सगळी गल्ली गप्प होते. मी कोर्टात टायपिस्ट. उत्तर लिहायला घेतलं. ‘प्रिय अण्णा, मला’ इथंच थांबलंय.

३ ऑगस्ट, निपाणी
रविवार म्हणून घरी. आई दारात विड्या वळत बसलेली. विचारलं, तुला विड्यांची आवड होती का गं? हसायला लागली. “आवड कसली? पोटासाठी बसले. पण इतक्या वर्सांत माझी एक विडीबी खराब म्हणून छाटायला मुकादमाला घावली न्हाय.” सांगताना पाठ ताठ केली.

२१ सप्टें.
अण्णाच्या आग्रहानं चित्रकलेच्या क्लासला तीन रविवार गेले. मास्तर भले. माझा आंबा बटाट्यासारखा येतो. आज गेले नाही. चादरी धुतल्या. लई बरं वाटलं.

११ जाने. १९८१
अण्णाबरोबर बेळगावला, कविसंमेलनाला. त्यानं कविता म्हटली, टाळ्या पडल्या. मला भरून आलं. मग मित्रांना माझी ओळख करून देताना म्हणाला, “ही बहीण. हिला अजून स्वतःचं काही सापडलेलं नाही.” वाईट मनानं नाही म्हणाला. तरी बसमध्ये मी मागच्या सीटवर जाऊन बसले.
आप्पा जन्मभर वखारीत तंबाखू चाळत खोकले. त्यांची पोरगी कोर्टात खुर्चीवर बसते. हे काहीच न्हाय व्हय?

२ मार्च
कन्नड टायपिंगची परीक्षा पास. पहिला वर्ग. ऑफिसात पेढे वाटले. अण्णाला कळवलं नाही.

१८ जून
वाटणीच्या दाव्याचा निकाल टाइप करत होते. विधवा भावजय आणि दीर. जज्जसाहेबांच्या हस्ताक्षरातला मसुदा, कन्नडमध्ये, सात पानं. तिसऱ्या पानावर, विहीर पश्चिमेच्या तुकड्यात. पाचव्यावर, विहिरीचा तुकडा विधवेला. शेवटच्या पानावर, विधवेला पूर्वेकडचा तुकडा. दोनदा वाचलं. तसंच टाइप झालं असतं तर बाईला कोरडं रान आणि दिराला विहीर.
आमच्या ऑफिसचे वरिष्ठ शिरस्तेदार, त्यांना दाखवलं. ते वर न बघता, “बरेदिद्दष्टे टाइप माडरी.” लिहिलंय तेवढंच टाइप करा. साहेबांची चूक काढणारी मी कोण, असंही म्हणाले. चार वाजता निकाल वाचायचा होता.
जागेवर येऊन बसले. बोटं चालेनात. मग उठले आणि थेट साहेबांच्या खोलीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिन्ही पानं पुढं ठेवून दाखवली. साहेबांनी नकाशा मागवला. विहिरीवर बोट ठेवून बघितलं. पेनानं ‘पूर्व’ खोडून ‘पश्चिम’ केलं, सही मारली. म्हणाले, “करा टाइप.” एवढंच.
निकाल वाचला तेव्हा मी दाराशी उभी. विटक्या लुगड्यातली म्हातारी. तिला विहीर मिळाली एवढंच कळलं. मी कोण ते तिला ठाऊक नाही. नसू दे.

१९ जून
शिरस्तेदार बोलत नाहीत. माझ्या टेबलावर येणारे कागद दुप्पट. केले सगळे. एकही खाडाखोड नाही.

२८ जून
आईला सांगितलं. ऐकताना विड्या वळायची थांबली. मग शेजारच्या आक्काला हाक मारली आणि मला म्हणाली, “पुन्यांदा सांग, पयल्यापासून.”

१२ नोव्हें.
अण्णा कॉलेजच्या जागेच्या कामानं कोर्टात आलता. बाकड्यावर दोन तास बसून. दोन वकील नकला घेत होते. एकजण तपासून बघायला लागला तसा दुसरा म्हणाला, “सुलोचनाबाईंच्या हातचं हाय. कशाला बघतोस?” अण्णानं ऐकलं.
चहा पिताना डोळे भरलेले त्याचे. “सुलू, सापडला की तुझा ध्यास.”
“न्हाय अण्णा. साडेपाचला मशीन झाकलं की घरी जाताना मला त्याची आठवण पण येत न्हाय. कामाला बसले की मात्र चुकू देत न्हाय.”
“मग हे काय आहे?”
“काम हाय.”
त्याला पटलं नाही. प्राध्यापक आहे. पण स्टँडवर सोडायला गेले तेव्हा कंडक्टरला उगाचच सांगत होता, ही माझी बहीण, कोर्टात असते.

२९ एप्रिल १९८२
साहेबांची बेळगावला बदली. खोलीत बोलावलं. तिकडं जिल्हा कोर्टात टायपिस्टची जागा रिकामी आहे, कन्नड-इंग्रजी दोन्ही येणारं माणूस पाहिजे. “मी नाव सुचवीन. यायचं का, ते तुम्ही सांगायचं.” सोमवारपर्यंत मुदत.

२ मे, रविवार, निपाणी
आई म्हणते जा. स्वतः मात्र गल्ली सोडणार नाही. दर रविवारी बेळगावहून यायचं म्हणजे... शिरस्तेदारांनी परवा पहिल्यांदा स्वतःचा मसुदा वाचायला दिला. मी तीन चुका काढल्या, गुमान दुरुस्त केल्या त्यांनी. आता कुठं जम बसलाय इथं.
तिकडं नवे लोक. पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लागणार. दाखवीन, त्याचं भ्या न्हाय.
मला काय आवडतं ते आजवर सगळ्यांनी विचारलं. जायचं की राहायचं, ही माझी मर्जी मात्र साहेबांनीच पहिल्यांदा विचारली. दुपारपासून दोन्ही बाजूंनी विचार करतेय. आई जेवायला हाक मारतेय. उद्या दहाला सांगायचंय.