बिनधारीचा चाकू

अप्पा, तुमचे चाकू आता लोक शोधत फिरतात. हे ऐकून तुम्ही नुसतं हुं म्हणून पुन्हा भात्याकडं वळला असतात. भवानी पेठेतल्या आपल्या दुकानात आता मोबाइल दुरुस्त होतात, ऐरण होती तिथं काचेचं कपाट आलंय. तिथं चौकशी करत करत गेल्या आठवड्यात पुण्याहून आलेला एक तरुण माझ्या दारात उभा राहिला. चांगल्या नोकरीत आहे आणि मिटायचे चाकू जमवतो. तुमचा एक माझ्याकडं आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. माझ्याकडं टेबल नाही, म्हणून त्यानं खिशातलं मऊ फडकं पोळपाटावर पसरलं आणि म्हणाला, "मावशी, ह्याच्यावर ठेवा."

मी विचारलं, बाबा रे, यात आहे तरी काय एवढं? मग तो सांगत सुटला. मुठीचं लाकूड आधी. गिरणी बंद पडली तेव्हा तुम्ही भंगारातून धोट्यांचं एक पोतं उचललं होतंत. वर्षानुवर्षं मागावर इकडून तिकडं धावून ते लाकूड गुळगुळीत झालेलं, तेल पिऊन काळं पडलेलं. मग पात्याच्या मुळाशी छिन्नीनं मारलेल्या तीन आडव्या रेघा, तुमच्या कपाळावरच्या विभूतीसारख्या. पातं उघडलं की होणारा तो एकच खट्ट आवाज त्यानं चारदा ऐकला. पातं जरासुद्धा डुगडुगत नाही म्हणाला. "आणि असे थोडेच केले त्यांनी. पुन्हा होणार नाहीत, हेच तर आहे." त्याला वाटत होतं, तुम्ही ठरवून थोडे केलेत. मी म्हटलं, ठरवून कसले? पोतं अर्धं झालं होतं आणि एका दुपारी तुम्ही ऐरणीपाशी बसल्या बसल्या गेलात. उरलेले धोटे आईनं बंबात घातले. त्या हिवाळ्यात आम्हाला आंघोळीला भरपूर कढत पाणी मिळालं. ऐकून त्यानं डोळे गच्च मिटले. धोट्यांसाठी, अप्पा. तुमच्यासाठी नव्हे.

मग मला ती पायरी आठवली. शाळेतून येते आणि दप्तरासकट दुकानाच्या पायरीवर बसते. मोडनिंबचा एक शेतकरी आलाय, चाकू पसंत पडलाय, पण तुम्ही सोडत नाही.

"कशाला पायजे?"

"आता चाकू कशाला असतोय? कापायला की."

"त्ये झालं. काय कापनार?"

"डाळिंबाची कलमं बांधतोय आमी."

"मग असं सांगा की आदी."

आणि मगच तुम्ही दगडाला पाणी लावता. सुतासाठी एक धार, कातड्यासाठी दुसरी, कलमांसाठी अगदी बारीक. अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की हाच प्रश्न कानडीतून, "यातक्क बेकु?" काम सांगितल्याशिवाय तुम्ही कधी धार लावली नाहीत. असू दे घरात एखादा, असं म्हणणाऱ्याला तुम्ही सरळ परत पाठवत होतात, आणि आई त्यावरून दिवसभर बडबडत असे.

मी मॅट्रिक झाले तेव्हा स्वयंपाकघरात येऊन तुम्ही हा चाकू माझ्यापुढं धरलात. आई भाकऱ्या थापत होती. "सांग, कशाला पायजे तुला?" माझ्या डोक्यात खूप काही होतं. कॉलेज, दुसरं गाव, अजून काय काय. यातलं काय सांगावं कळेना. मी म्हटलं, मग सांगते. आई हसली, "भाजीची लावा की धार. तिला काय लढाईला जायाचं हाय?" तुम्ही तिच्यावर एकदम डाफरलात. "तू गप. तिला सांगू दे." आणि मला म्हणालात, "लई दीस लावू नगंस. बिनधारीचा चाकू म्हंजे नुस्तं वजन हाय."

तिला सांगू दे, असं माझ्यासाठी त्यानंतर कुणी म्हणालं नाही. तुम्ही गेलात आणि मी टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला लागले. भावाचं शिक्षण झालं, तो गेला. आईचं दुखणं निघालं, ते पुष्कळ वर्षं पुरलं. काय करणार, कशाला करणार, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. खरं सांगू का, मलाही नव्हती. चाकू ट्रंकेत पडून राहिला. आता सवड आहे तर माझ्यात काही शिल्लक नाही, अप्पा. सकाळी उठते ते उठायचं म्हणून.

त्या मुलानं भिंग लावून पात्याची कड पाहिली, मग पातं उलटून पुन्हा पाहिली. "मावशी, ह्याला दगडच लागलेला नाही." बाकी सापडतात ते झिजलेले, टोक मोडलेले, घासून घासून काडी झालेले. ते त्याला नकोत. ज्यांनी कुणाची कलमं बांधली, कुणाच्या चपला केल्या, ते संपून गेले. जो कशालाच लागला नाही त्याच्यावर त्याचा जीव जडलाय. रविवारी चाकू न्यायला येतो म्हणाला. मी मान हलवली. रात्री मात्र मला रडू आलं, आणि ते बराच वेळ थांबेना.

काल कोपऱ्यावर सायकलवर धार लावणारा आला होता. मी चाकू घेऊन खाली गेले. म्हटलं, एकदा दगड लागला की रविवारचा प्रश्नच मिटला. त्यानं पातं उघडलं, अंगठा फिरवला, पायडलवर पाय ठेवला आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, "क्या काटनेका है अम्मा इससे?" माझ्यामागं एक बाई विळी घेऊन खोळंबली होती. शेवटी तिनं ती पुढं केली आणि मी चाकू परत घेऊन बाजूला झाले.

रविवारी त्याला देऊन टाकणार आहे. त्याच्याकडं तो कपाटात राहील, रोज पुसला जाईल आणि त्याला कुणी काही विचारणार नाही. हा लिहिलेला कागद मी चाकूबरोबर देणार नाही, तो इथंच राहील. एवढंच सांगायचं होतं, की त्या धारवाल्यालाही मी म्हटलं, मग सांगते.